गेरूबारीची भिंत

नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची तर ज्याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे असाच प्रश्न त्याला विचारावा. म्हणून 'पूर्वापर' हाती आल्याबरोबर हर्षाली देवरेनं ते जीपमध्ये घातलं आणि थेट माहेर गाठलं. तशी आखाजीही, म्हणजे अक्षय्य तृतीयाही, तोंडावर आली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. जिला आखाजीला जायला माहेर नाही, तिची कीव अख्खं गाव करतं. पुण्याच्या भूशास्त्र संस्थेत शास्त्रज्ञ झाली म्हणून हर्षालीला त्यातून सूट नव्हती आणि तिला ती नकोही होती. सरकारी खर्चानं माहेरपण होत असेल तर कोण सोडतो?

गावाचं नाव गेरूबारी. धुळ्याच्या पश्चिमेला डोंगर जिथं माळाला टेकतो तिथल्या खिंडीत ते वसलेलं. खिंडीला तिकडं बारी म्हणतात. या बारीतून एक काळी दगडी भिंत निघते आणि सरळ पश्चिमेला डोंगरात शिरते. म्हातारे सांगतात, राक्षसांनी ती एका रात्रीत रचली आणि कोंबडा आरवल्यावर अर्धी टाकून पळाले. शास्त्र सांगतं, जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात खालून तापलेला रस घुसला आणि तिथंच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भिंत तेवढी उरली. राक्षसांची गोष्ट ऐकायला जास्त बरी वाटते, पण गावाचं नशीब टेकलं होतं ते शास्त्राच्या गोष्टीवर.

ते असं. आपला काळा कातळ म्हणजे लाव्ह्याचे थर, चवडीतल्या पोळ्यांसारखे एकावर एक. खालचा तो आधीचा, वरचा तो नंतरचा, हा पहिला नियम. दोन लाव्ह्यांच्या मधे ज्वालामुखी जेवढा काळ निजला, तेवढ्या काळात खालच्या थराचं वरचं अंग कुजून तांबडी माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. गेरूबारीच्या डोंगरात असा एक जाड तांबडा पट्टा आहे. चिकण, घट्ट, त्यातून पाणी झिरपत नाही. हे सगळे थर पश्चिमेला कलते आहेत. त्यामुळं बारीत डोळ्यांसमोर दिसणारा पट्टा तीनचार कोसांवर पार पाताळात गेलेला असतो.

तिथं, त्या पट्ट्याच्या खाली, कर्बवायूचं कोठार होतं. कारखान्यांच्या धुराड्यांतला वायू गाळून, नळांनी आणून कातळात दाबायचा. कातळाशी नीट गाठ पडली की काही वर्षांत त्या वायूचाच दगड होतो. पण दगड होईपर्यंत तो खाली राहायला हवा. वर आला तर हवेपेक्षा जड असल्यामुळं सखल जागी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस निजल्या जागी गुदमरतो. तेव्हा वरचं झाकण पक्कं हवं. झाकण म्हणजे तो तांबडा पट्टा. आणि तो पक्का आहे की नाही हे एकाच प्रश्नावर ठरत होतं: भिंत आधीची की पट्टा आधीचा?

भिंत आधीची असेल तर ती पट्ट्याच्या खालीच संपली, झाकण सलग राहिलं. नंतरची असेल तर तिनं पट्टा फोडला. फोडणारा हा फुटणाऱ्याच्या नंतरचाच असणार, हा दुसरा नियम. शिवाय रस थिजताना आकसतो, भिंतीच्या दोन्ही अंगांना बारीक फटी राहतात. म्हणजे कोठारापासून गेरूबारीच्या वेशीपर्यंत आयतं धुराडंच.

हा प्रश्न हर्षालीचे गुरू डॉ. हेमंत दातार यांनी ती शिकत असतानाच सोडवून ठेवला होता. भिंतीचा पायथा सगळीकडं दरडीच्या ढिगाऱ्यात बुडालेला. भिंत आणि पट्टा एकत्र उघडे दिसत ती जागा एकच, बारीतला तिचा माथा. तिथं तांबडा थर भिंतीच्या डोक्यावरून या अंगाकडून त्या अंगाला सलग गेलेला दिसत होता. ती जागा सरांना हर्षालीनंच दाखवली होती. सरांनी हातोडीनं एक कपची उडवली, ती विटेसारखी भाजलेली निघाली. "झालं! भिंत म्हातारी आणि माती पोरगी," सर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

गाव मात्र एवढ्यावर ऐकणार नव्हतं. तेव्हा सरपंच होती हर्षालीची आई, सरलाबाई. गावात सगळे तिला सरलाजिजी म्हणत. ग्रामसभेच्या आधी तिनं लेकीला चुलीपाशी बसवून विचारलं होतं, "तुन्हा सरवर मन्हा इस्वास नही. मी तुले इचारस. आठे पोरं निजाडू का?"

"निजाड माय," हर्षाली म्हणाली होती.

पोरं इथं खुशाल निजव, या लेकीच्या तेवढ्या बोलण्यावर सरलाजिजीनं ग्रामसभेत शब्द दिला. कोठार झालं. गावात डांबरी रस्ता आला, घरोघरी नळ आले, दवाखान्यात डॉक्टर राहायला लागला. उन्हाळ्यात लोक पूर्वीसारखेच अंगणात खाटा टाकून निजत होते. सहा वर्षं झाली, कुणाला साधी शिंकही आली नव्हती.

तर असं हे पाठ असलेलं उत्तर. हर्षालीनं सकाळीच भिंतीच्या पायथ्याशी दरड उकरून भिंतीचा आणि पट्ट्याचा सांधा उघडा केला आणि पूर्वापर मांडलं.

दिसायला ते शिलाईच्या मशीनएवढं, पण करणी मोठी. तापलेला खडक थंड होतो तेव्हा त्याच्यातले लोखंडाचे कण होकायंत्राच्या सुईसारखे वळून उभे राहतात आणि तसेच थिजतात. पृथ्वीचं चुंबकत्व काही एका जागी राहत नाही. ते हिंडतं, कधी पार उलटंही होतं. म्हणून प्रत्येक खडकाच्या पोटात त्याच्या जन्मवेळेची दिशा कायमची राहते. मात्र शेजारी नवा तापलेला रस आला तर सांध्यापाशी जुन्या खडकाची आठवण पुसली जाते आणि नव्याची दिशा तिच्यावर उमटते. कुणाची आठवण पुसली गेली ते पाहायचं, की कोण आधीचं आणि कोण नंतरचं ते कळलं. पूर्वी त्यासाठी खडकाला भोकं पाडून नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागत. पूर्वापरमधले चुंबकत्व टिपणारे हिऱ्याचे कण हे काम जागेवर, सांध्याला नुसतं टेकवून करत होते. किती वर्षं आधी, हे ते सांगत नसे. आधी की नंतर, एवढंच.

पाव तासानं पडद्यावर अक्षरं आली: पट्टा आधी, भिंत नंतर.

हर्षालीला हसू आलं. लाडक्या पोरानं पहिल्याच गणितात माती खावी तसं झालं. तिनं यंत्र पुन्हा जुळवलं, दुसऱ्या जागी लावलं, मग भिंतीच्या पलीकडच्या अंगाला लावलं. दुपारपर्यंत पाच जागा झाल्या. पाचही जागी यंत्राचं एकच तुणतुणं. आता तिला राग यायला लागला. पुण्याला फोन करून यंत्र बनवणाऱ्या पोरांना चार शब्द सुनवावेत, असं मनात घोळवत ती सावलीला बसली होती, तेवढ्यात गाणी ऐकू आली.

गावातल्या बाया टोपल्या घेऊन बारी चढत होत्या. आखाजीच्या आदल्या दिवशी गेरूबारीच्या माहेरवाशिणी भिंतीच्या माथ्यावर गौराई बसवतात. त्या दिवशी पुरुष तिकडं फिरकत नाही. पुरुषांना त्यातलं काही ठाऊकही नसतं आणि विचारायची लाज वाटते. हर्षाली आठव्या वर्षी शिकायला धुळ्याच्या वसतिगृहात गेली, त्यानंतर आखाजीला आली ती थेट सणाच्या दिवशी जेवायला. गाणी तेवढी तिच्या लक्षात राहिली होती.

"हर्षाली, उनी का!" तिची चुलतबहीण मनीषा खालूनच ओरडली. "यंदा यंत्रबी माहेरले लई उनी? चाल, मातीले हात लाव. साहेबीन व्हयनी तरी लेकच शे तू!"

बायांनी शेजारच्या तांबड्या पट्ट्यातून माती खणली, पाणी घालून मळली आणि भिंतीच्या माथ्यावर थापायला सुरुवात केली. हर्षालीनंही हात घातले. ओल्या गेरूचा वास थेट लहानपणात घेऊन गेला आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. मनीषानं हातातली एक बांगडी काढून मातीत दाबली. प्रत्येकीनं दाबली. गौराईला लेकीनं एक बांगडी द्यायची असते. मग वरून गोवऱ्या रचल्या.

"हे कशाला?" हर्षालीनं विचारलं.

"जाळतस ना! नही तं पहिल्या पान्यात धुवाई जाई. पक्की भाजाले पाहिजे, इटसारखी."

हर्षालीचे हात मातीत तसेच राहिले.

तिनं कमरेची हातोडी काढली आणि माथ्याच्या कडेला, बायांना दिसणार नाही अशा बाजूला, थर फोडायला घेतला. वरची कपची निघाली. तिच्याखाली तशीच भाजलेली दुसरी. चार बोटांवर निळ्या काचेचा तुकडा चमकला. आणखी वीतभर खाली हिरवा. हातभर खोल गेल्यावर लाखेच्या बांगडीचा अर्धा वेढा निघाला, आता कुणी घालत नाही तसा. त्याच्याखाली भिंतीचा काळा दगड लागला. थराच्या पोटात जे सापडतं ते थराच्या आधीचं असतं, हा तिसरा नियम. तो शिकायला पुण्याला जावं लागत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्यानं भाजलेल्या मातीत बांगड्या असत नाहीत.

भिंतीच्या डोक्यावरून सलग गेलेला थर गावच्या लेकींनी घातला होता. शेजारच्याच पट्ट्यातली माती, तीच भट्टी, कुणालाही फरक कळला नसता. खऱ्या पट्ट्याला भिंतीनं केव्हाच फोडलं होतं. यंत्र बरोबर होतं. आणि सरांना हाताला धरून त्या जागेवर हर्षालीनं नेलं होतं. तिनं लाखेचा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मागं बाया गात होत्या.

संध्याकाळी सरलाजिजी उद्याच्या पुरणाच्या मांड्यांचं पीठ मळत होती. हर्षालीनं तिला सगळं सांगितलं. समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. भिंत माहीत होती, माती माहीत होती, आणि शब्द तर तिनंच दिला होता.

सरलाजिजीनं परातीतून हात काढला नाही. "कोणी मरनं का?"

"नही माय. पण..."

"सहा वरीसमा कोणी नही मरनं."

"वायू हळूहळू वर चढतो. तो कधी येईल ते..."

"कव्हय ई?"

"ते सांगता येत नाही. पन्नास वर्षंही लागतील. उद्याही येईल."

"म्हंजे तुले काहीच माहीत नही." सरलाजिजीनं पिठाला जोरानं एक बुक्की घातली. "तू म्हननी निजाड, मी पोरं निजाडी. आते तू म्हनस उठाड. मी गावले काय तोंड दाखाडू? मन्ही पोर शिकेल शे, म्हनीसन तुन्हा शब्दवर दोनशे घरं हो म्हननी."

"माय, मी चुकले. म्हणून तर आता गप्प बसू का?"

सरलाजिजीनं पिठावर ओलं फडकं टाकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सण व्हई जाऊ दे. लेकी घर येल शेतस. दोन दिवस कोनले सांगू नको."

हर्षालीनं ऐकलं. आयुष्यात तिनं खाल्लेले सगळ्यात कडू मांडे ते. अंगणात खाटांवर मनीषाची पोरं एकमेकांना लाथा मारत निजली होती आणि हर्षाली दर थोड्या वेळानं उठून त्यांच्या नाकाशी हात धरत होती.

दातार सर आता थकले होते. पुण्यात गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत बसायचे. हर्षालीनं त्यांच्या हातावर लाखेचा तुकडा ठेवला आणि तो कुठं सापडला ते सांगितलं.

सर आधी खो खो हसले. "बांगडी! अरे, आयुष्यभर शंखशिंपले शोधले मी, आणि मला फसवलं कुणी तर बायकांच्या बांगड्यांनी!" मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी तुकडा परत तिच्या हातात दिला. "कळवणार आहेस?"

"हो. तुमचं नाव..."

"नावाचं सोड. म्हाताऱ्याच्या नावाला आता कोण विचारतं? मी वेगळंच विचारतोय. कळवल्यावर काय होईल असं तुला वाटतं?"

"कोठार बंद करतील."

सरांनी झारी खाली ठेवली. "हर्षाली, त्या कोठारात अर्ध्या किनारपट्टीचा धूर जातो. एका बाजूला ते आहे आणि दुसऱ्या बाजूला दोनशे घरांचं गाव. यातलं हलवायला सोपं काय, सांग बरं?"

"असं नाही करणार ते, सर. इतकं उघड उघड..."

"नाही करणार तर उत्तम," सर म्हणाले आणि पुन्हा कुंड्यांकडं वळले. "कळव तू. न कळवून तुला झोप लागणार नाही. कळवूनही लागेल असं नाही."

तिनं कळवलं. सरांचं बोलणं तिला पटलं नव्हतं असं नाही; ते खरं ठरू नये अशी तिची इच्छा होती, आणि माणूस इच्छेलाच अंदाज समजून चालतो.

कोठार प्राधिकरणाचे संचालक शिरोडकर फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पूर्वापरचं कौतुक केलं, पाचही जागांची निरीक्षणं नीट समजून घेतली. हर्षाली भांडायच्या तयारीनं गेली होती. भांडायला कुणी मिळेना.

"तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे," शिरोडकर म्हणाले. "भिंत नंतरची. म्हणजे वायू निघालाच तर गेरूबारीत निघेल. दुसरीकडं कुठं?"

"दुसरीकडं नाही. भिंत तिथंच उघड्यावर येते."

"वा! हे फार चांगलं झालं."

हर्षालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "चांगलं?"

"म्हणजे धोका कुठं आहे ते नेमकं कळलं. आधी आम्हाला सगळा परिसर सांभाळावा लागत होता. आता एकच जागा." त्यांनी नकाशावर पेनानं बारीभोवती एक गोल काढला. "एवढं रिकामं केलं की प्रश्न मिटला."

"साहेब, वायू भरणं थांबवा ना. भिंतीपासून लांब नवी विहीर खणा. दहा वर्षांत खालच्याचा दगड होईल, तोवर..."

"आत गेलेला वायू काढता येतो का, मॅडम?"

"नाही."

"मग धोका आहे तो आहेच. भरणं थांबवलं तरी गाव तिथं ठेवता येणार नाही. तुमच्याच शास्त्रानं. आणि गाव ठेवायचं नसेल, तर भरणं थांबवायचं कशाला?"

यात खोट कुठं होती ते हर्षालीला तेव्हाही सापडलं नाही आणि नंतरही नाही. वाक्याला वाक्य बरोबर बसत होतं, चवडीतल्या थरांसारखं. निघताना शिरोडकरांनी तिचे आभार मानले आणि गेरूबारी निषिद्ध क्षेत्राच्या देखरेखीची जबाबदारी तिच्यावरच सोपवली. गाव तिच्या ओळखीचं होतं, नाही का?

पावसाळ्याआधी गाव हलवलं. सक्ती झाली नाही, मारहाण झाली नाही. सगळं कसं रीतसर. ट्रक आले, माणसं चढली. काही म्हातारे नाही म्हणाले तेव्हा त्यांना यंत्रानं दिलेलं उत्तर दाखवलं, आणि ते काढणारी पोर गावचीच असल्याचं सांगितलं. शेवटच्या ट्रकात सरलाजिजी बसली. तिला पुढं बसा म्हणाले तर बसली नाही, मागं भांड्याकुंड्यांत बसली. हर्षाली ट्रकपाशी उभी होती. आवराआवरीला माहेरी आलेल्या मनीषानं तिच्याकडं पाहून तोंड फिरवलं. सरलाजिजीनं तोंड फिरवलं नाही. ती नुसती बघत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं.

रिकाम्या गावात हर्षालीनं चोवीस संवेदक बसवले. चावडीत, शाळेत, नाल्याच्या काठी, आईच्या अंगणात. हवेत एरवी असतो त्यापेक्षा कर्बवायू किंचित जरी वाढला, तरी तेवढ्या वाढीचा आकडा तिच्या फोनवर दिसणार होता. पहिल्या दिवशी सकाळी आकडा शून्य होता. तिला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशीही शून्य. महिनाभर शून्य. पावसाळा सरला, दिवाळी गेली, गेरूबारीत घरांवरची माती ढासळली, अंगणात गवत कमरेला लागलं, आणि आकडा शून्य.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तिच्या ध्यानात आलं, की शून्य दिसल्यावर आपल्याला हायसं वाटत नाही. चहाचा कप तसाच निवून गेला. ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही.

पुन्हा आखाजी आली. तिला न्यायला कुणी आलं नाही आणि बोलावणंही आलं नाही. ती आपण होऊन गेली.

नवी वसाहत धुळ्याच्या बाहेर माळावर होती. एका मापाची घरं, एका रंगाची दारं. बायांनी गौराई कुठं बसवायची यावर बरीच चर्चा करून शेवटी पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर बसवली होती. गाणी चालली होती. हर्षाली गेली तशी ती थांबली. कुणी वाईट बोललं नाही. मनीषानं आपल्या पोरांना घरात बोलावून घेतलं, एवढंच.

सरलाजिजी दारात बसली होती. वर्षभरात ती खूप वाळली होती. "बठ," ती म्हणाली. ताट वाढलं, रस वाढला, शेजारी बसून वाढत राहिली. हर्षाली जेवली. हात धुतल्यावर तिला राहवलं नाही.

"माय, अजून रागावर आहेस?"

"राग?" सरलाजिजीनं विचार केला. "तू खोटं बोलती, तं मी एखांदवेळ माफ करी देती. मायले लेकरूनं खोटं माफ करता येस. खरं कसं माफ करू? ते काय तुन्ही चूक शे?"

हर्षालीला रडू फुटलं. आईनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. तिच्या ताटाभोवती सांडलेली शितं वेचत राहिली.

"त्या भितमातून काही निंघनं का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"नाही अजून."

"रोज देखस?"

"रोज सकाळी."

सरलाजिजीनं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. भिंतीचं तिला काही कळत नसेल, पण हे पोटचं होतं. "तुले वाटस ना," ती अगदी हळू म्हणाली, "का तो निंघाले पाहिजे?"

हर्षालीनं मान खाली घातली. ज्या अंगणात विष पसरू नये म्हणून सगळ्यांना उठवलं, त्याच अंगणात ते एकदाचं पसरावं म्हणून ती रोज सकाळी देवाकडं बघितल्यासारखी त्या आकड्याकडं बघत होती. शरमेनं तिला वर बघवेना.

"मले बी वाटस," सरलाजिजी म्हणाली. "सगळास्ले वाटस. कोनी बोलत नही. नही निंघना तं आपुन उगाच निंघनूत गाव सोडीसन."

टाकीकडं पुन्हा गाणं सुरू झालं होतं. दोघी मायलेकी उंबऱ्यावर ऐकत बसल्या.

"आज कितलं शे?" सरलाजिजीनं विचारलं.

हर्षालीनं फोन काढला. चोवीस ओळी होत्या, आईच्या अंगणाची सगळ्यात खाली.

"शून्य."

सरलाजिजीनं ताट उचललं आणि ती उठली.

"उद्या देख," ती म्हणाली.